एक तार आणि दोन कान

माणसाच्या पाकिटाचा आणि माणसाच्या कानाचा परस्परांशीं कांहीं संबंध असतो कीं काय, ह्या प्रश्नाचा विचार करण्याची पाळी आमच्यावर कधीं येईल असें आम्हांस वाटलें नव्हतें. पण गेल्या आषाढांत ती आली. आली ती एका लांबट, काळ्या, आंतून मखमल लावलेल्या पेटींतून. पेटी पाहून आमच्या वहिनींस वाटलें, आंत मोत्यांचा सर असावा. मुलानें बापाच्या वाढदिवसाच्या निमित्तानें आईचीही आठवण ठेवली म्हणून त्या किंचित् हुरळल्याही. झांकण उघडलें तों आंत निघाली तार. अजगराच्या पिलाएवढी जाड, वर रेशमी विणकाम, आणि टोंकांना सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना.

ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जी तार जाते, ती ही. अण्णांच्या, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंच्या घरीं ती तोंवर साधी होती. विजेच्या सामानाच्या दुकानांत मीटरवर मोजून मिळते तसली, तांबडी-काळी, जोडपदरी. अलीकडे अण्णा तक्रार करूं लागले होते कीं, गाण्यांत पूर्वीचें पाणी राहिलें नाहीं. आवाज पडद्याआडून आल्यासारखा वाटतो. पुण्यास नोकरीला असलेल्या चिरंजिवांच्या कानीं ही तक्रार गेली. त्यांनीं चौकशी केली, कोणा जाणत्यानें दोष तारेचा असल्याचा निर्वाळा दिला, आणि मुलानें पगारांतून पैसे बाजूला टाकून ही तार धाडली. किंमत आम्हांस ठाऊक आहे, पण ती येथें देतां येत नाहीं. कां, तें पुढें येईलच. तेवढ्या पैशांत आमच्या घरचा वाणसामानाचा खर्च तीन महिने सहज भागला असता, इतकेंच तूर्त सांगतों.

अण्णा आणि आम्ही गोखिवऱ्यास राहतों. गिरगांवांतल्या चाळी सोडून वसई-विरारकडे आलेलीं जीं असंख्य कुटुंबें, त्यांतलींच आमचीं दोन. एकाच मजल्यावर समोरासमोर दारें. पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर, त्याच्या अलीकडे अहमदाबादकडे जाणारा हमरस्ता, आणि भोंवतीं कारखान्यांचे गाळे. दिवसा मालमोटारी, संध्याकाळीं गाळ्यांतलीं यंत्रें. आणि पावसाळ्यांत रात्रीं हे सारे आवाज थांबले कीं डोंगराच्या अंगानें येणारा रातकिड्यांचा अखंड स्वर. 'हल्लीं रातकिडे उरलेच नाहींत रे, इमारती झाल्या ना,' असें अण्णा गेलीं दोन वर्षें म्हणत आले होते, आणि आम्हीही मान डोलावून नव्या वस्तीस चार शब्द सुनावीत होतों. ह्या वाक्याकडे आम्हीं तेव्हांच नीट लक्ष दिलें असतें तर पुढचा सारा खटाटोप वांचला असता.

तारेबरोबर एक माहितीपुस्तिका होती. तारेवर बाण काढलेला असून विजेनें त्या दिशेनेंच जावें अशी पुस्तिकेची आज्ञा होती. वास्तविक गाण्याचा विद्युत्प्रवाह एका सेकंदांत शेंकडों, हजारों वेळां पुढें जातो आणि तितक्याच वेळां मागें येतो; परततांना त्यानें बाणाकडे पाहूं नये, एवढीच अपेक्षा असावी. शिवाय ही तार लगेच वाजत नाहीं. शंभर तास ती मुरावी लागते. लोणचें मुरतें, मुरंबा मुरतो, फार तर जांवई सासुरवाडीस मुरतो. तांबें मुरतें हें आम्हांस नवीन होतें.

पहिल्या संध्याकाळीं अण्णांनीं खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचें गाणें लावलें. खाँसाहेब १९३७ सालीं वारले. त्यांच्या अखेरच्या वर्षांतल्या ज्या ध्वनिमुद्रिका, त्यांच्या पुढें निघालेल्या प्रतींवर अण्णांचा जीव. तानपुऱ्याचा झंकार सुटला, पहिला षड्ज लागला, आणि अण्णांनीं डोळे मिटले. 'वाः! आहे बुवा, फरक आहे!' स्वर जणूं चार पावलें पुढें आला होता, भोंवतालचा धूसरपणा विरून गेला होता. आणि येथें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे कीं, तो फरक आम्हांसही ऐकूं आला. आम्हीं तसें बोलूनही दाखविलें. आमच्या सौभाग्यवतींस विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, 'मला बाई पंख्याचाच आवाज येतोय.' त्यांच्या कानाला संस्कार नाहीं असें ठरवून आम्हीं तो विषय तेथेंच सोडला.

दुसऱ्या दिवशीं मात्र आमच्या मनांत शंकेनें घर केलें. आमच्या जिन्यांतला एक तरुण जवळच्या गाळ्यांत विजेच्या मोटारी रिवाइंड करण्याचें काम करतो. तांब्याशीं त्याचा रोजचा व्यवहार. त्यास बोलावून दोन्ही तारा दाखविल्या. त्यानें खिशांतला मीटर काढून टोंकांना लावला, पुन्हां लावला, आणि हंसून म्हणाला, 'काका, दोन्ही सारख्याच दाखवतोय. ह्यांच्यापेक्षां माझ्या मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स जास्त.' मग त्यानें वहीच्या पानावर हिशेब मांडून दिला. जुनी तार पाऊण चौरस मिलिमीटरची. जाऊन येऊन लांबी आठ मीटर. तिचा विरोध सुमारें ०.२ ओहम. स्पीकरचा विरोध ८ ओहम. म्हणजे आवाजाच्या मापांत वाटेंत गळणारा भाग सुमारें ०.२ डेसिबल. गाणें ऐकतांना एक डेसिबलचा चढउतार सामान्य कानाला जेमतेम जाणवतो, फार तीक्ष्ण कानाला कदाचित् अर्ध्याचा. नवी तार ही गळतीही बहुतेक वांचवीत होती, हें खरें; पण अण्णांची आरामखुर्ची हातभर मागें सरली कीं त्याहून अधिक फरक पडे. चांदीच्या मुलाम्याचें म्हणाल तर चांदींतून वीज तांब्याहून सुलभपणें वाहते. किती? शेंकडा सहाच्या आसपास. तेवढेंच साधायचें तर तांब्याची तार शेंकडा सहा जाड घ्यावी, म्हणजे काम झालें. केंसासारखी बारीक तार घेऊन ती घरभर फिरवली तर आवाज बिघडेल, हेंही त्या मुलानें सांगितलें; पण अण्णांच्या घरीं तसा प्रकार नव्हता.

चांदीचा हा महिमा आमच्या वसईकरांस अगदींच अपरिचित नाहीं. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, तेव्हां येथल्या पोर्तुगीज देवळांतल्या घंटा मराठ्यांनीं वरघाटीं नेल्या. मेणवलीस नाना फडणिसांच्या घाटावर १७०७ सालाची एक आहे, भीमाशंकरास १७२९ सालाची. मेणवलीची आम्हीं स्वतः वाजवून पाहिली आहे. तिचा नाद विरतां विरत नाहीं. जवळ उभ्या असलेल्या गृहस्थांनीं आम्हांस सांगितलें कीं, ओततांना हिच्यांत सोनें आणि चांदी टाकली होती, म्हणून हा गोडवा. अशी समजूत युरोपांतही फार जुनी आहे. खरें पाहतां घंटेच्या धातूंत सुमारें चार भाग तांबें आणि एक भाग कथील असतें. चांदी मिसळल्यानें नाद सुधारत नाहीं, मिसळली फार तर तो दबतो. नाद येतो तो आकारांतून, कडेच्या जाडींतून आणि ओतणाऱ्याच्या हातांतून. पण लोकांचें मन असें कीं, चांगल्या वस्तूंत महाग वस्तु लपलेली असलीच पाहिजे.

हें सारें आम्हीं अण्णांस सांगितलें. सांगितलें म्हणजे ऐकवलें. अण्णा चिडले. 'खाँसाहेबांच्या कानाला जें ऐकूं येत होतं तें तुझ्या त्या मीटरला ऐकूं येईल का?'

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. कानाच्या सूक्ष्मतेवरून महाराष्ट्रांत पूर्वी मोठमोठे वाद झालेले आहेत. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर आपलें इंग्रजी पुस्तक काढलें. त्यांच्या ह्या कामांत खाँसाहेबच त्यांच्याबरोबर होते; खाँसाहेबांनीं गावें आणि देवलांनीं तारेची लांबी मोजून स्वरांचीं अंतरें टिपावीं. पुढें क्लेमंट्स नांवाच्या इंग्रज न्यायाधीशाच्या साह्यानें श्रुतींची पेटी तयार झाली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेंत पंडितांनीं ह्या श्रुतिप्रकरणावर कडाक्याचें भांडण केलें. पेटीचे बारा ठोकळेबाज स्वर आपल्या गाण्यास मारक, म्हणून १९४० सालीं आकाशवाणीनें पेटीस जी बंदी केली ती १९७१ पर्यंत टिकली. तेव्हां कान बारीक असतो हें आम्हांस मान्यच आहे. पण देवलांनीं जें मोजलें तें अंतर तेथें होतें. ऐंशींस एक्याऐंशी ह्या प्रमाणांतला स्वरभेद तारेवर दाखवितां येतो आणि तयार गवयास तो गळ्यानें काढूनही दाखवितां येतो. आमचें म्हणणें एवढेंच होतें कीं, मुळांत जो फरक हवेंत उमटतच नाहीं तो खाँसाहेबांच्या कानालाही कोठून येणार?

'मग परीक्षा घेऊं,' अण्णा म्हणाले.

असल्या परीक्षा परदेशांत पुष्कळ झाल्या आहेत. २००७ सालीं जेम्स रँडी ह्या अमेरिकन जादूगारानें ७२५० डॉलर किंमतीच्या एका तारेबद्दल जाहीर आव्हान दिलें होतें कीं, डोळ्यांआड ती साध्या तारेहून ओळखून दाखवावी आणि दहा लक्ष डॉलर न्यावे. वाटाघाटींच्या पलीकडे तें प्रकरण गेलें नाहीं, आणि पुढें २०१५ मध्यें बक्षीसच बंद झालें. आमची पैज माफक होती. सुकेळ्यांच्या एका पुड्याची. वसईचीं सुकेळीं ज्यांनीं खाल्लीं नाहींत त्यांच्याविषयीं आम्हांस सहानुभूति वाटते.

श्रावणांतल्या एका रात्रीं साडेदहानंतर आम्ही बसलों. स्पीकरच्या मागें सोलापुरी चादर बांधली आणि चादरीमागें सौभाग्यवती. त्यांनीं दर खेपेस रुपया उडवायचा. छाप पडली तर नवी तार, कांटा पडला तर जुनी. यंत्र बंद करून तार बदलायची, मग तोच तानपुऱ्याचा आणि आलापाचा मिनिटभराचा तुकडा वाजवायचा. आवाजाच्या खुंटीस कोणीं हात लावायचा नाहीं. तार तीच राहिली तरी सोडवून पुन्हां बसवायची, म्हणजे खुडबुडीवरून सुगावा लागूं नये. सोळा खेपा. अण्णांनीं आणि आम्हीं आपापल्या कागदावर 'नवी' किंवा 'जुनी' लिहायचें. गालांतल्या गालांत हंसतों आहों हें आम्हांस जाणवत होतें, आणि तें लपविण्याची आम्हीं फारशी खटपटही केली नाहीं. आम्हांस शास्त्राची सेवा करायची नव्हती. आम्हांस जिंकायचें होतें.

सौभाग्यवतींच्या पंख्याबद्दलच्या तक्रारीस मान देऊन आम्हीं प्रथम पंखा बंद केला. त्या एका कृत्यानें खोलींतलें गाणें जितकें सुधारलें तितकें कुठल्याही तारेनें सुधारलें नसतें. बाहेर पाऊस नुकताच थांबला होता. हमरस्ता दूर घोंगावत होता, आणि उघड्या खिडकींतून रातकिड्यांचा असा कांहीं कल्लोळ आंत येत होता कीं, खिडकी लावावी कीं काय, असें आम्हीं विचारणार होतों. तेवढ्यांत अण्णा समाधानानें म्हणाले, 'आतां कशी छान शांतता झाली!'

चादरीवरून सौभाग्यवतींचें डोकें वर आलें. त्यांनीं आमच्याकडे पाहिलें, आम्हीं त्यांच्याकडे. अण्णा पेन्सिल सरसावून बसले होते.

सोळा खेपा पुऱ्या झाल्या. अण्णांचीं नऊ उत्तरें बरोबर आलीं, आमचीं सात. नुसता रुपया उडवून लिहिलीं असतीं तरी एवढींच यायचीं. पहिल्या दिवशीं तो चार पावलें पुढें आलेला स्वर आम्हांस ऐकूं आला होता, तो कोठें गेला? तो पेटींत होता, मखमलींत होता, अण्णांच्या मिटलेल्या डोळ्यांत होता. अण्णांनीं हार दिलखुलासपणें पत्करली. 'तुझ्यापेक्षां दोन जास्त आलेत हं माझे,' असें म्हणून त्यांनीं सुकेळीं उद्यां आणतों म्हटलें. आम्हांस मात्र जिंकल्याचा आनंद होईना.

त्या रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या एकेक गोष्ट उलगडूं लागली. आमच्या आईचा मिरजेचा एक तानपुरा अण्णांकडे आहे. त्याची जवारी अण्णा स्वतः लावीत. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा एक बारीक दोरा सरकवायचा असतो. तो नेमक्या जागीं बसला कीं तारेंतून एकाएकीं वरचे सारे स्वर झंकारूं लागतात, आणि केंसभर हलला कीं तार मुकी होते. ह्या नवलाचें शास्त्रीय विवेचन चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं केलें आहे. ज्याला किंमतच नाहीं असा तो सुताचा तुकडा, पण तो फरक आंधळ्या परीक्षेंत शेंबडें पोरही ओळखील. तो अण्णांस गेलें वर्षभर साधत नव्हता. 'हल्लीं ताराच खराब येतात,' असें ते म्हणत, आणि आम्हीं दोनदां मिरजेहून नव्या तारा मागविल्या होत्या. वहिनींचें बोलणें कळेनासें झालें तेव्हां 'तूं हल्लीं पुटपुटतेस' म्हणत. दूरध्वनीवर आवाज नीट येत नाहीं म्हणून यंत्र बदललें. शेवटीं गाणें पडद्याआड गेलें, तेव्हां स्पीकरची तार. दोष दर वेळीं तारेंतच सांपडत होता, आणि आम्ही सारे जण इमानानें तारा बदलीत होतों.

अण्णांस हें सांगणार कोण? आम्ही दोन दिवस शब्द जुळवीत बसलों. तिसऱ्या दिवशीं सौभाग्यवतींनीं चहाचा पेला त्यांच्यापुढें ठेवतां ठेवतां सांगून टाकलें, 'भाऊजी, रातकिडे आहेत अजून. रात्रभर ओरडत असतात. तुम्हांला ऐकूं येत नाहींत.' अण्णा बराच वेळ बशींतल्या चहाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, 'बंद नाहीं झाले?' 'नाहीं.' 'बरं झालं.'

पुढचें फारसें सांगण्यासारखें नाहीं. एका बंद कोठडींत बसवून अण्णांच्या कानांची तपासणी झाली. हातीं आला तो आलेख डावीकडे सपाट आणि उजवीकडे तुंगारेश्वराच्या कड्यासारखा कोसळणारा. दोन हजार कंपनांपर्यंत ठीक. चार हजारांच्या पुढें काळोख. वय झालें कीं कानाच्या आंतल्या पेशी वरच्या स्वरांपासून झडूं लागतात, हा निसर्गक्रम. खर्ज शाबूत राहतो, म्हणून माणसाला आपण बहिरे झालों असें वाटतच नाहीं. स, श, त, क असलीं व्यंजनें तेवढीं विरून जातात आणि दुसरीं माणसें पुटपुटूं लागतात. गंमत अशी कीं, खाँसाहेबांच्या काळच्या ध्वनिमुद्रणांत सात-आठ हजार कंपनांच्या वर फारसें कांहीं नाहींच. पुस्तिकेनें वीस हजारांच्याही पलीकडच्या स्वरांची हमी दिलेली होती, आणि ऐकणाऱ्याचा कान चार हजारांशीं थांबला होता.

श्रवणयंत्र आलें. पहिला आठवडा अण्णा वैतागलेले होते. वर्तमानपत्राच्या पानांचा आवाज, नळाचा आवाज, वहिनींच्या बांगड्यांचा आवाज. भाद्रपदांत एके रात्रीं मात्र त्यांनीं आमचें दार ठोठावलें. आम्ही घाबरून उठलों. ते गॅलरीकडे बोट दाखवीत म्हणाले, 'अरे, केवढा हा गोंधळ! झोंपतां तरी कसे तुम्ही?'

गाण्याच्या वेळीं मात्र ते यंत्र काढून ठेवतात. तें बनविलेलें असतें बोलणें ऐकण्यासाठीं. सतत चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असें समजून तें तानपुराच दाबूं पाहतें. तेव्हां अण्णा यंत्र डबींत घालतात, खुर्ची स्पीकरजवळ ओढतात, आणि त्या अजगराच्या पिलाकडे कौतुकानें पाहत ऐकतात. ती तार परत करण्याची मुदत अजून होती, आणि आम्हीं तें एकदां सुचविलेंही. अण्णांनीं मान हलविली. 'राहूं दे. मी सांगत होतों, मला नीट ऐकूं येत नाहीं. तें त्या पोरानं ऐकलं. चुकीचं कां होईना, पण कांहीं केलं त्यानं. तूं काय केलंस? तूं मला ओहम शिकवलेस.'

ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. अजूनही सुचलेलें नाहीं.

हा लेख छापावा कीं नाहीं, ह्याबद्दल आम्हीं त्यांची परवानगी घेतली, कारण हें मासिक पुण्यास चिरंजिवांच्या घरींही जातें. परीक्षेची हकीकत अण्णांनीं मुलास अद्याप कळविलेली नाहीं. दर रविवारीं तो विचारतो, 'अण्णा, कसं वाजतंय?' आणि हे सांगतात, 'झकास.' मजकूर आम्हीं मोठ्यानें वाचून दाखविला. त्यांनीं यंत्र लावून तो शेवटपर्यंत ऐकला, दोन ठिकाणीं शुद्धलेखन विचारलें, आणि म्हणाले, 'छाप. त्यालाही कळूं दे एकदां. फक्त किंमत घालूं नकोस. तुझ्या वहिनीला मीं ती निम्मी सांगितली आहे.'

जुनी तांबडी-काळी तार सौभाग्यवतींनीं मागून घेतली. तिच्यावर सध्यां आमच्या गॅलरींतला कारल्याचा वेल चढला आहे.